फोनवर "इकडं सगळं ठीक" म्हणणाऱ्या फौजी नवऱ्याला घरचं किती सांगायचं?

आल्याची_सरी

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मिस्टर फौजेत हवालदार आहेत. सप्टेंबरपासून [ठिकाण आणि पलटणीचं नाव काढलं आहे – संपादक] इथं आहेत. फोन आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. चार मिनिटं मिळतात, त्यातली दोन "हॅलो, येतोय का आवाज" यात जातात. उरलेल्या दोन मिनिटांत ते म्हणतात इकडं सगळं ठीक, मी म्हणते इकडं पण सगळं ठीक.

इकडं काही ठीक नाही. दिवाळीनंतर सासऱ्यांची (अण्णांची) अँजिओप्लास्टी झाली. चुलत दिरानं बांध कोरायला घेतलाय, आमच्या आल्याच्या दोन सऱ्या त्याच्यात गेल्या. सासूबाईंची सक्त ताकीद आहे, "त्याला यातलं अक्षर कळता कामा नये, तिकडं जिवावरचं काम आहे."

पण गेल्या दोन फोनना आवाज वेगळा लागला. आधी पोराशी बोलल्याशिवाय फोन ठेवायचे नाहीत. आता म्हणतात, "राहू दे, झोपू दे त्याला." संध्याकाळी सहा वाजता. सहाला कुठलं पोर झोपतं?

तर दोन गोष्टी विचारायच्यात. घरचं सांगावं की लपवावं? आणि ही माणसं तिथं एवढा ताण कसा काढतात? ज्यांनी काढलाय त्यांनी सांगा.

संपादक

ताई, मूळ धाग्यातून ठिकाण आणि पलटणीचं नाव काढलं आहे. सर्वांना विनंती: सध्या तैनातीवर असलेल्या कुणाचंही ठिकाण, युनिट, ये-जा करायच्या तारखा लिहू नका. आपुलकीनंसुद्धा विचारू नका.

खडूस_सदाशिव

रुमाल टाकून ठेवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

भगवे_वादळ_९६

छत्रपतींच्या मावळ्यांना कसला आलाय ताण? हे असले शब्द शहरातल्या आयटीवाल्यांनी आणलेत. आमच्या आजोबांच्या पिढीत कुणी 'स्ट्रेस' म्हणालं नाही, छातीवर गोळ्या झेलल्या. वहिनी, त्यांना रडगाणी सांगू नका, जोश वाढेल असं बोला.

निवृत्त_सुभेदार

वादळसाहेब, आपली सर्व्हिस किती?

भगवे_वादळ_९६

मी फौजेत नाही, पण गावातले बरेच आहेत.

निवृत्त_सुभेदार

मग गावातल्या एखाद्याला एकट्याला गाठून विचारा, चारचौघांत नको.

सूनबाई, मी सव्वीस वर्षं नोकरी केली. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावला रंगरूट म्हणून गेलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. ताण गोळीचा असतो असं लोकांना वाटतं. गोळी चालते तेव्हा माणसाला कामच इतकं असतं की ताण नंतर येतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ एकही गोळी न चालवता गेला. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, आणि ऑपरेशन पराक्रमसाठी आम्हाला राजस्थानच्या सीमेवर नेऊन बसवलं. ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथंच. दहा महिने. रोज वाटायचं उद्या हुकूम येणार. बॅग बांधलेली, सुरुंग पेरलेले, आणि वाट बघायची. मे महिन्यात तंबूतला पत्र्याचा डबा हाताला चटका द्यायचा. जानेवारीत जी पोरं घोषणा देत होती ती जूनमध्ये पाण्याच्या बादलीवरून एकमेकांच्या अंगावर जायला लागली.

त्या काळात माझ्या घरच्यांनी तुमच्या सासूबाईंसारखाच निर्णय घेतला होता. वडिलांना अर्धांगवायू झाला, मला कळवलं नाही. पत्रात आपलं "आबा बरे आहेत, तुझी आठवण काढतात." मग रजेवरून परत आलेला शेजारच्या गावचा एक लान्सनायक लंगरमध्ये ताटात डाळ घेता घेता म्हणाला, "उस्ताद, आबांचा उजवा हात हलतो का आता?" मी ताट तसंच ठेवलं. वडिलांच्या आजाराचा धक्का होताच, पण त्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. आता घरून आलेल्या कुठल्याच ओळीवर विश्वास बसेना. "आई मजेत" लिहिलं की वाटायचं, आई गेली असणार.

लपवून काही लपत नाही. रजेवरून येणारा प्रत्येक माणूस पिशवीतून लाडू आणि तोंडातून सगळी बातमी घेऊन येतो.

माझं मत, सांगा.

चंदगडचा_गडी

सुभेदारसाहेबांना सॅल्यूट. पण माझा अनुभव उलटा आहे, तोबी मांडतो.

२०१४ ला मी ग्लेशियरवर (सियाचिनला) होतो. बायकोनं एकदा फोनवर सगळं ओतलं. तिचं आणि आईचं भांडण, बँकेचा हप्ता, पोरीचा ताप. रात्री आठला फोन, पहाटे तीनला आमची पार्टी निघणार दोरीला बांधून. दोरीला बांधून म्हंजे खरंच बांधून, एकामागं एक. पुढचा भेगेत गेला तर बाकीच्यांनी धरायचं. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला न्हाई. सकाळी माझ्या बडीनं (जोडीदारानं) बघितलं, मी दोरीचा हूक उलटा लावला होता. त्यानं काही न बोलता सरळ केला. मी तिसऱ्या नंबरला होतो. माझ्यामागं चार जण होते.

त्यामुळं माझं म्हणणं, तिथं असताना नको. खाली आला की सांगा.

मालवणी_तडका

अरे देवा. हूक वाचून अंगावर काटा इलो.

आल्याची_सरी

आता मी जास्तच गोंधळले. दोघांचंही पटतंय.

बोटीवरचा_बाळ्या

मी मर्चंट नेव्हीत आहे, सहा सहा महिने बोटीवर. आमचंही अगदी असंच असतं बरं का. घरापासून दूर, नेटवर्क नाही...

खडूस_सदाशिव

बाळ्या, तुझ्या बोटीवर एसी, जिम आणि डॉलर. बस खाली.

बोटीवरचा_बाळ्या

बसतो 😄 पण कामाचं एक सांगून बसतो. चार मिनिटांच्या फोनसाठी आमच्या घरी वही आहे. बायको आठवडाभर तिच्यात लिहिते: काय सांगायचं, काय विचारायचं. फोन आला की वही उघडते. नाहीतर चार मिनिटं "जेवलास का" मध्येच संपतात आणि ठेवल्यावर दोघंही चरफडत बसतात.

खडूस_सदाशिव

हे बरं आहे. ऊठ.

डॉक्टरीणबाई

मी शॉर्ट सर्व्हिसवर काही वर्षं सैन्यात डॉक्टर होते, त्यातला मोठा काळ लडाखमध्ये. (सरीताईंचे मिस्टर कुठं आहेत ते मला माहीत नाही आणि नको आहे. उंचीवर असतील तर हे लागू, नसतील तर सोडून द्या.)

पहिली गोष्ट: बदललेला आवाज म्हणजे खचलेलं मन, असं लगेच धरू नका. उंचीवर माणूस दोन वाक्यं बोलून दमतो. झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि दचकून जाग येते, रात्रभर हेच. भूक मरते, वजन उतरतं, विसरायला होतं, चिडचीड होते. कमी प्राणवायूवर मेंदू असाच वागतो. माझ्याकडे धिप्पाड जवान यायचे, "मॅडम, मैं पागल हो रहा हूँ क्या?" विचारायचे. त्यातल्या निम्म्यांना "हे उंचीमुळं आहे, खाली उतरलास की जाईल" एवढं सांगितलं तरी चेहरा सैल व्हायचा.

दुसरी गोष्ट, आणि हा खरा अडथळा. सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी असते, 'शेप'. तिची इंग्रजीतली पाच अक्षरं, त्यातलं पहिलंच अक्षर 'एस' हे मनाच्या तब्येतीचं. बाकी कान, हातपाय, शरीर, डोळे. 'शेप वन' असलात तर ठीक. 'एस' खाली गेलं तर बढती, कोर्स, हातात शस्त्र देणं न देणं, सगळ्यावर परिणाम. म्हणून गुडघा दुखला तर जवान दुसऱ्या दिवशी एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) येतो आणि झोप लागत नसेल तर सहा महिने येत नाही. श्रेणी कायमची खाली जाते असं नाही, तात्पुरती देऊन नंतर वरही करतात. पण ती भीती खरी आहे, तिला नुसतं अडाणीपणा म्हणू नये.

काळजी केव्हा करायची? बरोबरच्यांत जेवायला बसणं सोडलं, हक्काची रजा नको म्हणायला लागला, स्वतःच्या वस्तू वाटायला लागला, 'माझ्यानंतर' अशी भाषा आली, किंवा दारू झोपेसाठी घ्यायला लागला. यातलं काही ऐकलंत तर थांबू नका. कंपनीच्या सिनियर जेसीओला (सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्याला) किंवा युनिटला कळवा. लाज वाटायचं कारण नाही. एका फोननं वाचलेला एक मुलगा मी पाहिला आहे.

टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. कुटुंबासाठी म्हणजे तुमच्यासाठीही, सरीताई.

विदर्भ_एक्सप्रेस

एक विचारू का? सगळे हवालदारसाहेबांबद्दल बोलून राह्यले. ताई, तुम्ही कशा आहात? सासऱ्यांचं ऑपरेशन, शेत, पोरगं, सासू, अन् वरून फोनवर हसून बोलायचं.

आल्याची_सरी

कुणी विचारलं नव्हतं हो असं. नंतर लिहिते.

निवृत्त_सुभेदार

खरं आहे. चूक झाली आमची. सगळे म्हातारे फौजी आपलीच लढाई सांगत बसतो.

क्वार्टर_नंबर_१२

माझा नवरा जेसीओ आहे. तो फील्डला (कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी) गेला की मी दोन मुलांना घेऊन एसएफ क्वार्टरमध्ये राहते (ज्यांचे नवरे फील्डला आहेत त्यांच्या कुटुंबांसाठीची वसाहत). पहिल्या वर्षी मी कुणाशी बोलायचे नाही. मग समोरच्या पंजाबी बाईनं एक दिवस दार ठोठावून विचारलं, "तेरे यहाँ रात को बत्ती जलती रहती है, मेरे यहाँ भी। चाय?" आता आम्ही पाच जणी आहोत. रात्री अकराला, मुलं झोपली की, जिन्यात बसतो. बोलायचं काही नसतं फारसं. भाजी निवडतो. गावाकडं राहणाऱ्या सुनेला हे मिळत नाही. तिथं सगळे आपलेच असतात आणि रडायला कुणी नसतं.

वकील_कऱ्हाड

मनाचं तज्ज्ञ बोलतील, मी बांधाचं बोलतो. माझ्याकडं येणाऱ्या फौजींपैकी बहुतेकांची झोप पाकिस्ताननं नाही, भावकीनं उडवलेली असते.

१. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. नियमित आणि द्रुतगती असे प्रकार आहेत, फी वेगवेगळी. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

२. प्रकरण कोर्टात गेलं तर 'इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, १९२५' नावाचा कायदा आहे. जवान विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत सेवेत असेल आणि त्यामुळं हजर राहू शकत नसेल, तर तसं प्रमाणपत्र आल्यावर कोर्ट दावा थांबवू शकतं. त्याच्या पाठीमागं एकतर्फी निकाल लावून घेणं इतकं सोपं नाही. चुलत दिराच्या कानावर हे एकदा घाला, तेवढ्यानंही बरेच बांध जागेवर येतात.

३. मिस्टरांनी युनिटमध्ये अर्ज दिला तर युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. पत्रानं एका रात्रीत जादू होत नाही, पण तलाठ्याचा सूर बदलतो.

आणि हे तिसरं काम व्हायचं तर त्यांना सांगावंच लागेल. लपवून युनिटचं पत्र कसं येणार?

चंदगडचा_गडी

वकीलसाहेब, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्या सुभेदार मेजर साहेबांचं हेच असायचं. दरबारात सगळ्यांसमोर विचारायचे, "किसके घर में जमीन का लफडा है?" आधी दोन हात वर. मग साहेब स्वतःचा हात वर करायचे. मग अख्खी कंपनी.

गोधडी

गडी, ग्लेशियरवर वेळ कसा जातो ते सांगा ना. मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहूनच गेला.

चंदगडचा_गडी

वेळ जात न्हाई, ढकलावा लागतो. पोस्टवर साधारण तीन महिने. बर्फ काढायचं. पुन्हा पडलं, पुन्हा काढायचं. सुरुवातीला वाटायचं ह्यो काय मूर्खपणा. महिन्यानं कळलं की फावड्यानंच वाचवलंय. ज्याच्या हातात फावडं तो विचार कमी करतो. अंघोळ न्हाई, टूथपेस्ट नळीत दगड, संत्रं आपटलं तर भिंतीला खड्डा. स्टोव्हच्या धुरानं थुंकी काळी. रात्री झोपलेल्याला अधनंमधनं हलवून बघायचं, "हाय का रं?" तो शिव्या घालायचा. शिव्या आल्या की बरं वाटायचं.

वर जायच्या आधी खाली बेसला ओपी बाबाच्या (ग्लेशियरचा राखणदार मानतात त्या जवानाच्या) मंदिरात रिपोर्ट द्यायचा, "फलाणी पार्टी जातीय." उतरल्यावर पुन्हा रिपोर्ट, "आलो." मी काही लई देवभोळा न्हाई. पण कुणालातरी सांगून निघणं आणि कुणालातरी सांगून परत येणं यात काहीतरी हाय.

सगळ्यात मोठं म्हंजे बडी. तुमची जोडी लावून दिलेली असते. माझा बडी शिराळ्याचा. पहिले पंधरा दिवस एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. तो झोपेत दात खायचा. नंतर असं झालं की तो दात खायचा थांबला की मला जाग यायची.

घरी आल्यावर पहिल्या रात्री बायकोनं पंखा लावला, मी उठून बंद केला. मे महिना. पंख्याचा आवाज वादळासारखा वाटत होता. तिनं काही विचारलं न्हाई, पुठ्ठ्यानं वारा घालत बसली. हे तिला मी आजवर बोललो न्हाई, इथं लिहितोय.

मालवणी_तडका

आता तिका पण वाचूक दे.

खडूस_सदाशिव

अवांतर: कुणी फराळाचं पार्सल पाठवलंय का वर? टिकतं का?

डाकवाला

पाठवा की. पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). पूर्वेकडं असेल तर ९९. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. माणूस कच्छच्या रणात असो की कारगिलला, बाहेरून पत्ता एकच. ५६ चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जातं, ९९ चं कोलकात्याच्या, तिथं वर्गवारी होते. आमच्या खात्यातली बरीच मंडळी डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसला जातात, मीही जाऊन आलो. कॉन्व्हॉय आला की जवान रेशनच्या आधी टपालाच्या पिशवीकडं बघतात. मोबाईल आल्यावरही. फोन ठेवला की संपला, पत्र खिशात राहतं.

सरीताई, चार मिनिटांत मावत नाही ते पत्रात लिहा.

चंदगडचा_गडी

आमच्या पोस्टवर एकानं सातारचे कंदी पेढे मागवले होते. स्टोव्हच्या झाकणावर ठेवून, मग हातोडीनं फोडून खाल्ले. चव लई भारी, दात एक गेला.

भगवे_वादळ_९६

सगळं वाचलं. काल गावातल्या एका माजी सैनिकाकडं गेलो, सुभेदारसाहेब म्हणाले तसं एकटाच. दोन तास बोलले. पहिल्या प्रतिसादाबद्दल माफी, वहिनी. आमचं गाव अपशिंगे, 'मिलिटरी' नावातच. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण गेले, त्यांचा स्तंभ आहे. लहानपणापासून त्याच्यासमोर फोटो काढले. त्या ४६ घरांत नंतर काय झालं असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

निवृत्त_सुभेदार

माफी कसली. या एकदा चहाला.

सूनबाई, गडी म्हणतो ते आणि मी म्हणतो ते जुळवून सांगतो. बातमी सांगा, पण अर्धी नको. "अण्णांना हार्टचा त्रास झाला" एवढंच सांगितलं तर तो रात्रभर ती गोष्ट पुढं ढकलत नेईल, पार स्मशानापर्यंत. "झाला, ऑपरेशन झालं, आता घरात फिरतात, गोळ्या मी देते" असं सगळं एका दमात सांगा. आणि आधी विचारा, उद्या सकाळी कुठं निघायचं नाही ना? असेल तर पुढच्या फोनला.

आल्याची_सरी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते, रागावू नका.

वही केली. पत्र लिहिलं, ते पोचलं की नाही माहीत नाही. त्याआधीच फोन आला. विचारलं, उद्या कामगिरी नाही ना? "नाही, का?" मग सुभेदारकाकांनी सांगितलं तसं एका दमात सांगितलं. अण्णा, गोळ्या, बांध, मोजणीचा अर्ज, पावती नंबरासकट. सासूबाई शेजारी उभ्या, माझ्याकडं डोळे वटारून.

तिकडं काहीच आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. रजेवरून आलेल्या पोरानं सांगितलं. तू कधी सांगतेस बघत होतो."

पोराशी का बोलत नव्हते ते मग कळलं. तो आठ वर्षांचा आहे, त्याला खोटं जमत नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं असतं आणि आई त्याला बोलली असती, म्हणून.

राहिलेलं दीड मिनिट ते पोराशी बोलले. आजोबांच्या छातीत स्प्रिंग बसवलीय असं त्यानं बापाला समजावून सांगितलं. तिकडून हसायचा आवाज आला.

युनिटमध्ये अर्ज देणार आहेत. मोजणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. चुलत दीर दोन दिवस झाले रामराम घालतोय. विदर्भदादा, मी १४४१६ ला फोन केला होता. बरं वाटलं. एवढंच लिहिते.

चंदगडचा_गडी

सुभेदारसाहेब, रजेवरून येणाऱ्या माणसाचं तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं की ओ.

क्वार्टर_नंबर_१२

सासूबाई काय म्हणाल्या शेवटी?

आल्याची_सरी

काही नाही. आत गेल्या आणि पेढ्यांसाठी खवा किती लागेल विचारायला लागल्या. हातोडीचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

नवा_सभासद_२२

छान धागा! ताई, मिस्टर नक्की कुठं आहेत? माझा भाऊपण तिकडंच असेल बहुतेक.

संपादक

पहिला प्रतिसाद वाचा हो.